हाताला कळणारी गाडी

ॲम्बॅसेडरचं बॉनेट ज्यांनी कधी उघडून पाहिलं असेल, त्यांना आतलं इंजिन आठवत असेल. ओतीव लोखंडाचा जड ठोकळा, त्यावर पत्र्याचं झाकण, एका अंगाला कार्बोरेटर आणि दुसरीकडे, आपले मेकॅनिक ज्याला ‘डेल्को’ म्हणतात, तो डिस्ट्रिब्युटर. तहसीलदारांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना वाहून नेणारं हे १४८९ सीसीचं इंजिन मुळात इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. तिथे त्या घराण्याचं नाव होतं बी-सिरीज. आणि याच घराण्यातलं आणखी एक इंजिन, १७९८ सीसीचं, एका बुटक्या, उघड्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसलं होतं. तिचं नाव एमजीबी. दोन्ही इंजिनांमध्ये पिस्टन वरखाली जेवढा प्रवास करतो ते अंतर अगदी सारखं आहे, ८८.९ मिलिमीटर. वाढवला तो फक्त सिलिंडरचा घेर.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली. सिड एनेव्हर या एमजी कंपनीच्या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली ती घडली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९८०च्या ऑक्टोबरपर्यंत तयार होत राहिली. एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. साधारण ९५ अश्वशक्ती, ताशी १६० किलोमीटरच्या थोडा पुढे वेग. आजच्या हिशेबात हे आकडे कुणाला थक्क करणार नाहीत. थक्क करते ती दुसरीच गोष्ट. कारखाना बंद होऊन चार दशकं उलटली तरी या गाड्या हजारोंनी धावताहेत, आणि त्यातल्या कित्येक कुठल्याही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलेल्या नाहीत. शिक्षक, सुतार, निवृत्त कारकून अशा माणसांनी घरामागच्या गॅरेजमध्ये त्या खोलल्या, गंज कापून काढला, पुन्हा जोडल्या.

हे शक्य कसं होतं? माझं उत्तर असं आहे की या गाडीत जो काही निर्णय घेतला जातो, तो हातात धरता येईल अशी एखादी वस्तू घेते. पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, झडप केव्हा उघडायची, यातला एकही निर्णय न दिसणाऱ्या ठिकाणी होत नाही. आजच्या गाडीत हे सगळं एका बंद डब्यातली चिप ठरवते आणि ती माणसापेक्षा कितीतरी चांगलं ठरवते, यात शंका नाही. पण ती काय करते ते बोटांना कळत नाही. एमजीबीत कळतं.

कार्बोरेटरच घ्या. इंजिनाला साधारण चौदा-पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल, असं वजनाचं प्रमाण लागतं. हवा मात्र कधी थोडी येते, कधी भसाभस. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन घोटभर हवा घेतं, घाटात पाय दाबला की त्याच्या कित्येक पट. म्हणजे आत येणारी हवा सतत मोजत राहून त्या मापात पेट्रोल सोडायचं आहे, आणि तेही विजेचा एक कणसुद्धा न वापरता. एसयू कार्बोरेटर हे ज्या रीतीने करतो, ती मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर यांत्रिक युक्त्यांपैकी एक वाटते.

हवेच्या वाटेत एक पिस्टन उभा सोडलेला असतो. तो स्वतःच्या वजनाने आणि एका हलक्या स्प्रिंगच्या जोराने खाली बसू पाहतो. इंजिन हवा ओढू लागलं की पिस्टनच्या वरच्या घुमटात निर्वात तयार होतो आणि पिस्टन वर उचलला जातो. जितकी हवा जास्त, तितका तो वर जातो आणि वाट मोठी होते. वाट मोठी झाली की हवेचा वेग पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणजे इंजिन हळू चालो की जोरात, पिस्टनखालून जाणाऱ्या हवेचा वेग आणि तिथला दाब जवळजवळ कायम राहतो. पिस्टन किती उंचीवर आहे, हेच हवेचं माप झालं.

आता पेट्रोल. पिस्टनच्या तळाला एक पितळी सुई लटकलेली असते आणि ती खालच्या जेटच्या भोकात उतरलेली असते. भोक ०.०९० इंचाचं, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. सुई वरून खाली निमुळती होत गेलेली. पिस्टन वर गेला की सुईही वर जाते, भोकात तिचा बारीक भाग येतो, भोवतीची फट वाढते आणि जास्त पेट्रोल वर खेचलं जातं. या सुईची जाडी दर एक-अष्टमांश इंचाला वेगळी ठरवून घासलेली असते. इंजिनाच्या प्रत्येक वेगाला किती पेट्रोल लागेल, याचा सगळा तक्ता त्या काडीएवढ्या पितळेच्या उतारात कोरलेला आहे! वेगळं इंजिन असेल तर सुई बदलायची, बाकी कार्बोरेटर तोच.

आणि तरी एक अडचण उरते. अचानक पाय दाबला तर पेट्रोल क्षणभर जास्त हवं असतं, पण पिस्टन उसळून वर गेला तर हवाच जास्त जाईल आणि इंजिन गुदमरेल. म्हणून पिस्टनच्या पोकळ दांड्यात चमचाभर तेल भरलेलं असतं आणि त्यात एक छोटा दट्ट्या बुडालेला असतो. वर जाताना तेल पिस्टनला अडवतं, खाली येताना सोडून देतं. त्या अर्ध्या क्षणाच्या उशिरात अरुंद वाटेतून हवा वेगाने घुसते आणि जास्त पेट्रोल खेचून नेते. गाडीने पाय दाबताच धक्का खाल्ला, तर जाणता माणूस सगळ्यात आधी झाकण फिरवून हे तेल आहे का ते बघतो. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं.

एसयूचं मूळ जॉर्ज हर्बर्ट स्किनर या माणसाच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कल्पनेत आहे. हे घराणं लंडनचं, बुटांच्या व्यापारातलं. अगदी सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये धातूच्या पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता, हे कळल्यावर त्या व्यापाराची आणि या यंत्राची सांगड एकदम लक्षात येते.

बहुतेक एमजीबींना असे दोन एसयू आहेत, प्रत्येकी दोन सिलिंडरसाठी. दोघांनी सारखी हवा घ्यावी लागते, नाहीतर इंजिन लंगडतं. हे जुळवायला घरी काय लागतं? एक हातभर रबरी नळी. एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आळीपाळीने दोन्हींची फुसफूस ऐकायची आणि सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मिश्रण बरोबर आहे का, हे बघायला पिस्टन खालच्या पिनेने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाची रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी आहे. क्षणभर किंचित वाढून परत जाग्यावर आली, तर बरोबर. मिश्रण बदलायचं ते कार्बोरेटरच्या पोटाखालच्या षटकोनी नटाने, एकेक पैलू मोजत.

या नटाचं आजच्या काळातही काम पडतं, हे मला विशेष वाटतं. ब्रिटनमध्ये २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे ते २० टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सुईने मोजलेलं मिश्रण जरा हडकुळं पडतं. उपाय, नट थोडा खाली. ज्या इंधनाची १९६२ साली कुणी कल्पना केली नव्हती, त्याच्याशी ही गाडी एका पान्याने जुळवून घेते. मात्र जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि चिरतं, टाकीत पाणीही ओढलं जातं. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालणं हे पहिल्याच दिवसाचं काम आहे. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल कशाचीच वाट पाहत नाही.

डेल्कोच्या आतही अशीच एक निर्णय घेणारी यंत्रणा आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीसाठी दोन छोटे पॉइंट उघडतात, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि बॅटरीच्या १२ व्होल्टमधून हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. पॉइंट उघडल्यावरची फट ०.०१५ इंच, फिलर गेजच्या पात्याने मोजायची. पॉइंट उघडणारा तुकडा झिजला की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. इंजिन आळसावतं, तापतं, पेट्रोल जास्त पितं. पाच मिनिटांचं काम आणि गाडीची वागणूक बदलते.

पण खरी कमाल फटीच्या खाली लपलेली आहे. पेट्रोल जळायला वेळ लागतो आणि तो फार बदलत नाही. क्रँक मात्र १,००० फेऱ्यांना एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो आणि ५,००० फेऱ्यांना ३० अंश. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, नाहीतर जळण संपेपर्यंत पिस्टन निघून गेलेला असेल. यासाठी डेल्कोच्या तळाशी दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. दांडा जोरात फिरू लागला की वजनं बाहेर फेकली जातात आणि वरचा कॅम काही अंश पुढे वळवतात. वेग मोजणं आणि त्यानुसार वेळ बदलणं, दोन्ही कामं दोन लोखंडी तुकडे करून टाकतात. शिवाय बाजूला एक पातळ पडदा असतो, जो इंजिनाची ओढ ओळखतो. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून हा पडदा ठिणगी आणखी थोडी आधी पाडतो. जुन्या गाड्यांत हा पडदा फाटलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. नळी काढून तोंडाने ओढून बघायचं. हवा सरळ येत राहिली तर पडदा गेला.

टॅपेट सेट करणं हे ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांना मोठं विद्येचं काम वाटतं. या इंजिनात आठ झडपा आहेत. प्रत्येक झडप पूर्ण बंद असताना तिच्यावर ०.०१५ इंचाची फट सोडायची असते. पण बाहेरून बघून ती पूर्ण बंद आहे हे कसं ओळखायचं? इथे ९चा नियम येतो. झडपांना पुढून मागे १ ते ८ आकडे द्या. इंजिन हाताने फिरवा. जी झडप पूर्ण उघडी दिसेल तिचा आकडा ९मधून वजा करा, उरेल ती झडप आत्ता पूर्ण बंद आहे. आठवी उघडी असेल तर पहिली सेट करा, सहावी उघडी असेल तर तिसरी. यात जादू काही नाही. पहिला आणि चौथा सिलिंडर एकमेकांच्या बरोबर उलट टप्प्यात असतात, तसेच दुसरा आणि तिसरा, आणि झडपांची मांडणी मधून दुमडली तर जुळेल अशी आहे. पण इंजिनाची सगळी भूमिती एका वजाबाकीत बसते, हे पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिल्यावर माणूस पुन्हा पुन्हा इंजिन फिरवून बघतो. ॲम्बॅसेडरच्या या जुन्या इंजिनालाही हाच नियम लागू पडतो.

ही फट आणखी एक गोष्ट सांगते. एमजीबी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. धुराची झडप लालभडक तापते आणि ओतीव लोखंडाच्या बैठकीवर मिनिटाला शेकडो वेळा आपटते. शिशाच्या संयुगांचा पातळ थर त्या दोघांमध्ये राहायचा. शिसं माणसांना, विशेषतः लहान मुलांना, विषारी म्हणून २०००च्या सुमारास ब्रिटनमध्ये आणि भारतातही बंद झालं, आणि ते योग्यच झालं. पण थर गेल्यावर झडप बैठकीला सूक्ष्म ठिकाणी चिकटते, कण उपटते आणि हळूहळू आत रुतत जाते. रुतली की टॅपेटची फट कमी होते. म्हणजे दर वेळी फट मोजून वहीत लिहून ठेवणाऱ्याला हेड न खोलता आतली झीज कळते. फट सारखी कमीच होत असेल तर हेड उतरवून मशीन शॉपमध्ये कडक पोलादाच्या सीट बसवून घ्यायच्या. हे एकदाच करावं लागतं.

इंजिन हा भाग माणसाला मोहात पाडतो, पण या गाडीचा जीव पत्र्यात आहे. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी चेसी होती, लोखंडी सांगाडा आणि त्यावर बॉडी. एमजीबीत चेसीच नाही. पत्र्याचे तुकडे एकमेकांना वेल्ड करून तयार झालेली पेटी हीच गाडी. आणि वर टप नाही. छप्पर असलेल्या गाडीत वजनाचा ताण वरच्या खांबांतूनही जातो, इथे तो सगळा दारांखालच्या दोन लांब पेट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो साधा पट्टा, पण आत उभा पत्रा आणि त्याखाली तटबंदीच्या दात्यांसारखी मुडपलेली पट्टी, असे थर आहेत. सगळा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. तो इतका ताण सोसतो तो बंद पेटीच्या आकारामुळे. कापडाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी हातात घ्या आणि पिळून बघा, पिळली जात नाही. मग तिला लांबीच्या रेषेत एक चीर द्या. पुठ्ठा तेवढाच आहे, पण आता ती सहज पिळते. सिलच्या एका शिवणीत गंज लागला की नेमकं हेच होतं. पत्रा बहुतेक सगळा शाबूत असतो आणि पीळ अडवण्याची ताकद कितीतरी घसरलेली असते.

गंज तिथेच का लागतो, याचं उत्तर आपल्या अंदाजाच्या उलट आहे. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन लागतात, म्हणून जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त, असं वाटतं. पण ओल्या लोखंडाच्या तुकड्यावर एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. जिथे ऑक्सिजन भरपूर आहे तो भाग धन टोक बनतो आणि सुरक्षित राहतो. जिथे ऑक्सिजन पोचत नाही, म्हणजे चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, लांबी भरलेल्या खळग्यात, तिथलं लोखंड विरघळू लागतं. झाकलेली जागा खाल्ली जाते आणि उघडी जागा वाचते. पाण्यात मीठ असेल तर वीज सहज वाहते आणि हे सगळं वेगाने होतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर खनिज मीठ पसरतात. आपल्या किनाऱ्यावर तेच काम खारा वारा बाराही महिने करतो. त्यातून गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं. सांध्यात तयार झालेला गंज फुगून दोन पत्रे एकमेकांपासून ढकलतो, नवी फट पाडतो, तिथे पुन्हा पाणी शिरतं.

म्हणून जुनी एमजीबी बघताना रंगाकडे पाहू नये. दार उघडं ठेवून गाडीचा एक कोपरा जॅकने उचलावा आणि मग दार लावून बघावं. लागत नसेल, फट वर-खाली सारखी नसेल, तर सिल गेले आहेत. वरून कितीही चकचकीत डेंटिंग-पेंटिंग असो.

सिल बदलण्याचं काम घरी करणारे करतात, पण त्यात एक चूक जीवघेणी आहे. जुना सिल कापण्याआधी गाडीला खालून योग्य जागी आधार द्यायचा आणि दाराच्या उघड्या जागेत, बिजागरीपासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी दांडा तात्पुरता वेल्ड करायचा. एका वेळी एकच बाजू. हे न करता कापलं तर गाडी मध्यातून खचते, आणि नवा सिल जोडल्यावर ती कायम तशीच राहते. मूळचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे. नवा पत्रा क्लॅम्पने बसवायचा, दार लावून बघायचं, काढायचं, पुन्हा बसवायचं. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, मग दूर तिकडे एक, मग मध्ये. पातळ पत्रा तापला की पसरतो, थंड झाला की मूळच्यापेक्षा जास्त आक्रसतो आणि वाकतो. घाईने मारलेली एक लांब ओळ महिन्याचं मोजमाप बिघडवते. शेवटी आत मेण फवारायचं, जे त्या झाकलेल्या सांध्यांत जाऊन पाण्याची वाट बंद करतं. पाणी बाहेर जायची भोकं मात्र मेणाने बुजवायची नाहीत.

छोट्या भागांचा गंज काढायची घरगुती पद्धत मला फार आवडते, कारण ती गंजाचीच प्रक्रिया उलटी फिरवते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, एक टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला. भागावरून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, गंज सुटतो, काही भागाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि खालचं चांगलं लोखंड खरवडलं जात नाही. हे उघड्यावरच करायचं, हायड्रोजन पेट घेतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. आणि स्प्रिंगसारखे कडक पोलादी भाग यात घालू नयेत, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात.

तारांची चाकं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तरी एक गोष्ट सांगतोच. हे चाक मध्यभागी एकाच मोठ्या नटाने धरलेलं असतं. गाडीच्या डाव्या बाजूला या नटाचे आटे नेहमीसारखे उजवे असतात आणि उजव्या बाजूला उलटे, डावे. बघणाऱ्याला वाटतं, चाक पुढे फिरताना नट सैल होत जाईल. होतं उलटं. गाडीच्या वजनामुळे चाक नटावर सूक्ष्मपणे घरंगळत राहतं आणि त्या घरंगळण्याने नट आवळला जातो. हब चुकून अदलाबदल करून बसवले तर हाच परिणाम नट सोडवत नेतो आणि धावत्या गाडीचं चाक निघून जातं.

इतकं सगळं घरी करणाऱ्याला शिकवलं कुणी? मोठा वाटा जॉन हेन्स या माणसाचा आहे. ब्रिटिश हवाई दलात असताना एडनमध्ये त्याने एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलून पुन्हा जोडली. कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाच्या उपयोगाचं नाही, हे त्याला तिथे जाणवलं. १९६६ साली त्याने स्प्राइटचं पहिलं हेन्स मॅन्युअल काढलं. गाडी खरोखर खोलायची, प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा, मग लिहायचं, ही त्याची पद्धत. स्प्राइटसुद्धा ॲबिंग्डनच्याच कारखान्यातली, एमजीबीच्या शेजारची.

आणि सुटे भाग? इथे १९८८ साली एक विलक्षण गोष्ट घडली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीचे पत्रे दाबणारे मूळचे साचे शोधून, दुरुस्त करून, ऑक्सफर्डशायरमध्ये एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. गाडी बंद होऊन आठ वर्षं झालेली आणि पुन्हा नवीकोरी, गंज नसलेली बॉडी विकत मिळू लागली. पुढे १९९२ची एमजी आरव्ही८ ही गाडी त्याच कामातून उभी राहिली. आज एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. त्यामुळे ज्याला पहिल्यांदाच जुनी स्पोर्ट्‌स कार हातात घ्यायची आहे, त्याने इटालियन सौंदर्याच्या मागे न लागता हीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही धोक्यांबद्दल मात्र हयगय नको. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, जॅक स्टँड हवेतच. जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओली करून पुसायची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, उकळबिंदू उतरतो आणि घाटात पायाखालचा ब्रेक पोकळ होतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने ऋण जोडू नये. आजचे टू-पॅक रंग घरी फवारू नयेत, त्यातली आयसोसायनेट फुप्फुसं कायमची बिघडवतात.

यानंतरची देखभाल म्हणजे नियमितपणा. दर ५,००० किलोमीटरला ऑइल, पॉइंट, प्लग, टॅपेट आणि पुढच्या चाकांच्या किंग पिनांना ग्रीस, प्रत्येक बाजूला तीन निपल. आणि गाडी चालवायची. उभी गाडी लवकर मरते. ब्रेकचे पिस्टन धरतात, सील वाळतात, पेट्रोल शिळं होऊन जेट तुंबतो.

एमजीबी आपल्याकडे थोड्या आहेत, पण अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली ॲम्बॅसेडर, फियाट किंवा आजोबांची स्कूटर अनेक घरांत आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. अट अशी, की चेसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. रोजच्या वापराला आणि धंद्याला ही नोंदणी चालत नाही, प्रदर्शन आणि रॅलीला चालते. तेव्हा तुमच्या घरी असं वाहन असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याचं आरसी बुक शोधून नीट ठेवा, इंजिन नंबर आणि चेसी नंबर कागदाशी ताडून बघा, मूळचा काढलेला एकही भाग फेकू नका, आणि पावसाळ्याच्या आधी सिलची भोकं तारेने मोकळी करा.